फवारणी किती वाजता झाली?

सकाळी मधपेटीच्या दारासमोर मेलेल्या माश्यांचा सडा दिसला की पहिला प्रश्न असतो, ‘कोणतं औषध मारलं?’ त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न हवेत: किती वाजता मारलं, कशात मिसळून मारलं आणि तेव्हा शेतात काय फुललं होतं? एकच कीटकनाशक एका शेतात माश्यांच्या अंगाला फारसं न लागता जिरून जातं आणि शेजारच्या शेतात निम्मी वसाहत संपवतं. फरक बहुतेक वेळा डब्यात नसतो. ते विष माशीपर्यंत कोणत्या वाटेनं पोचलं, यात असतो.

आधी सड्याबद्दल. भरलेल्या वसाहतीत रोज माश्या मरतच असतात. दारासमोर दिवसाला शंभरपर्यंत मेलेल्या माश्या दिसणं ही रोजची झड. दोनशे ते चारशे म्हणजे सौम्य विषबाधा, पाचशे ते नऊशे म्हणजे मध्यम आणि हजारावर गेलं की तीव्र, असा एक अंदाज अमेरिकेच्या वायव्य भागातल्या कृषी विस्तार पुस्तिकांमध्ये दिलेला असतो आणि तो कामाला येतो. मोजायला सोपी युक्ती आहे. दारासमोर मीटरभर लांबीरुंदीचं पांढरं कापड अंथरावं आणि रोज एकाच वेळी त्यावरच्या माश्या गोळा कराव्यात. ताज्या माशीचं वजन साधारण १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमला दहा माश्या. वाळलेल्या माश्या हलक्या होतात, तेव्हा वजनावर विसंबू नये, थोड्या मोजून बघाव्यात.

पण या आकड्याचा एक दोष लक्षात ठेवायला हवा. वसाहतीत मढी उचलून नेणाऱ्या माश्या असतात, त्या बरीच मढी लांब नेऊन टाकतात. शिवाय ज्या विषानं माशी मिनिटांत कोसळते, त्यात ती फुलावर किंवा वाटेतच पडते. दार स्वच्छ असतं आणि पेटी मात्र हलकी होत जाते. झाकण उघडलं की मध आहे, राणी आहे, पिल्लं आहेत आणि त्यांना झाकायला माश्याच पुरेशा नाहीत. असं दिसलं की शेतात पडलेल्या माश्यांचा हिशेब करावा लागतो, आणि तो कोणी ठेवलेला नसतो.

आता विषाच्या मापाकडे. प्रयोगातल्या निम्म्या माश्या मारणाऱ्या मात्रेला एलडी-५० म्हणतात. अमेरिकेची नियामक संस्था स्पर्शातून माशीमागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी एलडी-५० असलेल्या औषधाला अतिविषारी धरते, २ ते ११ मध्यम, आणि ११ च्या पुढे जवळजवळ बिनविषारी. इमिडाक्लोप्रिडची पोटातून जाणारी मात्रा माशीमागे सुमारे ३.७ नॅनोग्रॅम आहे आणि अंगावर पडली तर सुमारे ८१ नॅनोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे हजार नॅनोग्रॅम, तेव्हा हे किती सूक्ष्म आहे ते कळेल. क्लोथियानिडिन पोटातून ३.८ नॅनोग्रॅमच्या आसपास, फिप्रोनिल ४.२ च्या आसपास. आणि इमिडाक्लोप्रिडच्याच निओनिकोटिनॉइड (थोडक्यात ‘निओनिक’) घराण्यातलं अॅसिटामिप्रिड? पोटातून सुमारे १४.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मरायला इमिडाक्लोप्रिडच्या जवळजवळ चार हजार पट मात्रा लागते. घराणं एक, पण माशीच्या अंगातलं एक विकर (एन्झाइम) अॅसिटामिप्रिड आणि थायक्लोप्रिड यांच्यासारख्या सायनो हा रासायनिक गट असलेल्या रेणूंना झपाट्यानं मोडतं आणि इमिडाक्लोप्रिडपुढे मात्र ते थिटं पडतं. सीवायपी९क्यू३ नावाच्या या विकराचं काम २०१८ मध्ये उलगडलं. त्यामुळे ‘निओनिक सगळे सारखेच’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं. या विकराचा विषय बुरशीनाशकांपाशी पुन्हा येईल, आणि तिथे तो महागात पडतो.

डब्यावरची धोक्याची खूण माणसाला किती विषारी हे सांगते, कारण ती उंदरावरच्या चाचण्यांवरून ठरते. माशीला ती लागू नाही. स्पिनोसॅड हे याचं चांगलं उदाहरण. मातीतल्या जिवाणूपासून मिळतं, सस्तन प्राण्यांना त्रास फार कमी, सेंद्रिय शेतीतही चालतं. ओलं असताना मात्र माशीला काही नॅनोग्रॅम पुरतात. वाळलं की काही तासांत त्याचा जोर बराच उतरतो. म्हणजे तेच औषध सकाळी दहाला घातक आणि सूर्यास्तानंतर मारलं तर बरंचसं निभावून जाणारं. ‘सेंद्रिय आहे, मग माश्यांना चालतं’ असं म्हणत भर फुलोऱ्यात सकाळी फवारणारे लोक या एका गोष्टीवर फसतात.

कोणत्या औषधाची धास्ती बाळगायची हे घरबसल्या ताडायचं असेल तर एक साधा भागाकार आहे. युरोपातल्या जोखीम तपासणीची पहिली पायरी बरीच वर्षं हीच होती. हेक्टरी पडणारा क्रियाशील घटक ग्रॅममध्ये घ्यायचा आणि त्याला माशीमागे मायक्रोग्रॅममधल्या एलडी-५० नं भागायचं. उत्तर ५० च्या वर गेलं तर पुढे खोलात तपासायला हवं. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारा द्रव) म्हणजे लिटरमागे साधारण २०० ग्रॅम घटक. हेक्टरी १२५ मिली वापरलं तर २५ ग्रॅम. भागिले ०.०८१, उत्तर सुमारे ३०९. लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ५ टक्के ईसी (पाण्यात दुधाळ होणारा द्रव) हेक्टरी ३०० मिली म्हणजे १५ ग्रॅम. स्पर्शाची एलडी-५० सुमारे ०.०३८, उत्तर ३९५ च्या आसपास. अॅसिटामिप्रिड २० टक्के एसपी (पाण्यात विरघळणारी भुकटी) हेक्टरी १०० ग्रॅम म्हणजे २० ग्रॅम घटक, भागिले ८.१, उत्तर अडीच. कागदावर चित्र स्वच्छ दिसतं. मात्र हा भागाकार फक्त अंगावर पडणाऱ्या एका मात्रेचा आहे. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर काय, अळीला काय, दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलं तर काय, यातलं तो काहीच सांगत नाही. आणि हे सगळे आकडे युरोपीय मधमाशीचे, म्हणजे मेलिफेराचे. सातेरी आणि फुलोरी माश्या आकारानं लहान असतात, त्यांना ते जसेच्या तसे चिकटवू नयेत.

आता वाटा.

सगळ्यात उघड वाट म्हणजे फवारणी चालू असताना अंगावर थेंब पडणं. त्यानंतर पानाफुलांवर वाळलेला थर. एका औषधाचा थर दोन तासांत निवतो, दुसऱ्याचा तीन-चार दिवस टिकतो. थरावर ठेवलेल्या माश्यांमधली मर २५ टक्क्यांवर उतरायला किती वेळ लागतो, यावरून हे मोजतात. हा वेळ दगडावर कोरलेला नसतो. रात्री थंडी पडली, दव पडलं, तर थर पुन्हा ओला होतो आणि विष जास्त काळ जागं राहतं. उन्हाळ्यात जी फवारणी एका रात्रीत निभावते, तीच थंडीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्रास देऊ शकते.

औषध कोणत्या रूपात आहे यालाही फार महत्त्व आहे. धुरळणीची भुकटी सर्वांत वाईट, कारण ती माशीच्या केसांना चिकटते. पाण्यात मिसळणारी भुकटी त्याखालोखाल. द्रवरूप औषधं साधारणपणे बरी, आणि जमिनीत टाकायचे दाणे अंगाला लागत नाहीत म्हणून थेट स्पर्शाच्या दृष्टीनं सर्वांत कमी धोक्याचे. (आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून पसरणारा, दाणा असेल तर तो मुळांवाटे फुलात पोचतो, ती गोष्ट निराळी.) सूक्ष्म कुप्यांत भरलेल्या मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकाचा अनुभव या बाबतीत शिकण्यासारखा आहे. विष हळूहळू सुटावं आणि फवारणाऱ्या माणसाला कमी त्रास व्हावा म्हणून ते इवल्या कुप्यांत बंद केलं. कुप्या झाल्या नेमक्या परागकणांएवढ्या. उडताना माशीच्या अंगावर स्थिर विद्युतभार येतो, त्यावर पराग जसा ओढला जातो तशाच या कुप्याही चिकटल्या. माशीनं त्या झटकून, पायावरच्या गोळीत दाबून घरी आणल्या. पेटीत तो पराग मधात मुरवून साठवला गेला आणि नंतर पिल्लांना भरवताना कुप्या फुटत राहिल्या. फवारणी होऊन बराच काळ गेल्यावरही वसाहत मरत राहायची.

धुळीची वाट तर फवारणीशिवायही उघडते. २००८ च्या वसंतात जर्मनीच्या नैऋत्येला, ऱ्हाइनच्या खोऱ्यात, मक्याची पेरणी चालू होती. बियाण्याला क्लोथियानिडिनची प्रक्रिया केली होती, पण लेप बियाण्याला नीट धरला नव्हता. हवेच्या दाबावर चालणारी पेरणी यंत्रं घासलेली पूड पंख्याच्या झोताबरोबर वर फेकत होती. वारा होता, आणि बांधापलीकडे मोहरीच्या कुळातलं रेपसीड फुललेलं होतं. साडेअकरा हजारांच्या आसपास वसाहतींना बाधा झाली. पेरणीच्या शेतात एकही फूल नव्हतं, तरी. त्यानंतर उपाय शोधले गेले ते यंत्राच्या जागीच: बियाण्यावर लेप पक्का बसवणारं चिकटद्रव्य, पंख्याचा झोत नळीनं खाली मातीकडे वळवणं, वाऱ्याच्या दिवशी न पेरणं. आणि एक बारीक गोष्ट, जी बहुतेक लोक विसरतात: बियाण्याच्या पिशवीच्या तळाला साठलेली पूड यंत्राच्या पेटीत झटकायची नाही. तीच सर्वांत तीव्र असते. युरोपीय संघानं इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झाम यांवर २०१३ मध्ये माश्यांना ओढणाऱ्या पिकांसाठी निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्यांचा वापर बंद केला.

पुढची वाट मकरंदाची. आंतरप्रवाही औषध बियाण्याला लावलं की रोपाबरोबर वर चढतं आणि फुलात थोडं उतरतं. अशा पिकाच्या मकरंदात ग्रॅमला एक-दोन नॅनोग्रॅम सापडणं नेहमीचं. हे किती? अमेरिकेच्या जोखीम हिशेबात मकरंद आणणारी माशी दिवसाला २९२ मिलिग्रॅम मकरंद स्वतःसाठी खर्च करते असं धरतात. ग्रॅमला २ नॅनोग्रॅम धरले तर तिच्या पोटात दिवसाला ०.५८ नॅनोग्रॅम गेलं. ३.७ च्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढं. म्हणजे बीजप्रक्रियेच्या पिकावर माशी फुलावरून खाली पडत नाही आणि दारासमोर सडाही दिसत नाही. ‘काही होत नाही’ असं म्हणणारे इथेच थांबतात. रोज सहावा हिस्सा, फुलोऱ्याचे तीन आठवडे, हा हिशेब निराळा आहे, आणि मरण्याआधीही माशीचं बरंच काही बिघडतं.

सर्वांत आधी बिघडते ती वाट ओळखण्याची ताकद. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये माश्यांच्या पाठीवर रेडिओ-टॅग चिकटवून पाहिलं. माशीला थायमेथोक्झामचे १.३४ नॅनोग्रॅम साखरपाण्यातून पाजले, ही मात्रा मारणाऱ्या मात्रेच्या खूप खाली होती. मग तिला लांब सोडलं. या विषापायी घरी न परतणाऱ्या माश्यांचं प्रमाण १० टक्क्यांपासून ३१ टक्क्यांच्या पुढेपर्यंत गेलं. ओळखीच्या रस्त्यावर कमी, अनोळखी जागी जास्त. शेतातलं हे चित्र पेटीवर कसं उतरतं ते बघा. बाहेर जाणाऱ्या माश्या कमी झाल्या की आत पिल्लांना भरवणाऱ्या दायी माश्या वयाआधी बाहेर पडतात. कामकरी माशी साधारण तिसऱ्या आठवड्यात बाहेरच्या कामाला लागते. ती दुसऱ्याच आठवड्यात निघाली तर उडण्यात कच्ची असते, लवकर मरते, आणि मागे पिल्लं उपाशी व उघडी राहतात. राणी अंडी घालते पण त्यांना ऊब द्यायला कोणी नाही. पिल्लांच्या जागेला ३४-३५ अंश तापमान लागतं. ते राखण्यापुरत्या माश्या उरल्या नाहीत की कडेच्या अळ्या थंड पडतात. हे सगळं होईपर्यंत फवारणीला महिना झालेला असतो.

परागातून जाणारं विष अळ्यांकडे जातं, आणि इथे कीटकवाढ रोखणारी औषधं विशेष वाईट. डायफ्लुबेन्झुरॉन, नोव्हॅल्युरॉन, पायरिप्रॉक्सिफेन. प्रौढ माशी यांनी सहसा मरत नाही, म्हणून यांना माश्यांना सुरक्षित म्हणायची पद्धत पडली. कामकरी माशीचा अंड्यापासूनचा प्रवास २१ दिवसांचा: तीन दिवस अंडं, सहा दिवस उघडी अळी, बारा दिवस झाकलेल्या घरात. अळीला चुकीचं अन्न मिळालं तर परिणाम कात टाकताना किंवा कोषात दिसतो. दारासमोर पांढरट, अर्धवट बनलेले कोष पडलेले दिसतात, कधी पंख दुमडलेल्या तरुण माश्या. फवारणीपासून हे दोन-तीन आठवड्यांनी घडतं. तोवर शेतकरी ते विसरलेला असतो आणि पेटीवाला राणीला दोष देतो. चौकट उजेडात धरून पाहिली की कळतं: एकसलग झाकलेल्या पिल्लांच्या जागी मधे मधे रिकामी घरं. राणी चांगली असेल आणि तरी एका वयाचा पट्टाच गायब असेल, तर तेवढ्या दिवसांचं गणित मागे मोजून फवारणीची तारीख शोधावी. हा मागोवा घ्यायला फवारणीची वही लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती नसते.

बुरशीनाशकांचा मुद्दा मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. एकट्यानं पाहिलं तर बहुतेक बुरशीनाशकं माशीला मारत नाहीत, म्हणून ती खुशाल फुलोऱ्यात मारली जातात. पण प्रोपिकोनाझोल आणि प्रोक्लोराझ यांच्यासारखी अॅझोल गटातली औषधं माशीच्या अंगातली तीच विकरं दाबतात, ज्यांच्या जोरावर ती अॅसिटामिप्रिड पचवते. ढालच काढून घेतली. २००४ च्या प्रयोगशाळेतल्या मोजमापात प्रोपिकोनाझोलच्या जोडीनं अॅसिटामिप्रिड माशीला शंभरपट विषारी झालं, थायक्लोप्रिड साडेपाचशे पट. इमिडाक्लोप्रिडमध्ये जेमतेम दीडपट, कारण तिथे मुळात ढालच नव्हती. मगाचा अडीच हा भागाकार आता आठवा. शंभरनं गुणला तर अडीचशे. प्रयोगात दिलेल्या मात्रा शेतापेक्षा मोठ्या असतात, त्यामुळे शेतात इतकं होईलच असं नाही. पण ‘माश्यांना सुरक्षित’ ही खूण एकट्या औषधाची असते, मिश्रणाची नव्हे. डेल्टामेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाबरोबर प्रोक्लोराझ मिसळल्यावरही विष वाढतं, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. पंपात एकाच वेळी कीटकनाशक, बुरशीनाशक, चिकटद्रव आणि विद्राव्य खत असं चौघांचं कडबोळं ओतायची सवय वेळ वाचवते, पण माशीसाठी हे सर्वांत अनोळखी मिश्रण असतं. फुलोऱ्यात असं मिश्रण टाळणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. बुरशीनाशक लागणारच असेल तर ते एकटं, संध्याकाळी.

चिकटद्रवाबद्दल एक ओळ: ऑर्गॅनोसिलिकॉन जातीचे पसरवणारे द्रव माशीची शिकण्याची ताकद बिघडवतात असं प्रयोगांत दिसलं आहे, तेव्हा फुलावर त्यांचं काम नाही. तणनाशकं माशीला सहसा थेट मारत नाहीत, पण बांधावरची फुलं नाहीशी करतात, आणि एका पिकाचा फुलोरा संपला की पुढचा सुरू होईपर्यंत माशी खाणार काय? ग्लायफोसेटमुळे आतड्यातले उपयोगी जिवाणू कमी होतात हेही २०१८ मध्ये दाखवलं गेलं.

मग फवारायचं कसं? पहिलं, खरंच फवारायची गरज आहे का ते मोजून ठरवावं. किडीची संख्या नुकसानीच्या पातळीखाली असताना मारलेली फवारणी पिकालाही काही देत नाही. गरज असेलच, तर फूल कधी उघडतं आणि कधी मिटतं ते पाहावं, आणि हे पीक बदललं की बदलतं. काकडी, लाल भोपळा यांची फुलं पहाटे-सकाळी उघडतात आणि दुपारी मिटतात. फूल मिटल्यावर, संध्याकाळकडे फवारलं तर उद्या माशी नव्या फुलावर येते, ज्यात थेंब पडलेलाच नसतो. हे सर्वांत सोपं पीक. मक्याला मकरंद नसतो पण सकाळी तुऱ्यावर पराग सुटतो आणि माश्या झुंडीनं येतात. तुरा असताना सकाळची फवारणी नकोच. सूर्यफुलाचं आणि बियाण्याच्या कांद्याचं फूल बरेच दिवस उघडं राहतं, मिटतच नाही, त्यामुळे तिथे वेळ साधून सुटका होत नाही. औषधच बदलावं लागतं. आणि कापूस! त्याचं फूल एका दिवसाचं, पण पानाच्या शिरेवर आणि बोंडाभोवतीच्या हिरव्या छदांपाशी फुलाबाहेरच्या मकरंदग्रंथी असतात. ‘फूल नाही, आता माशी नाही’ हा अंदाज कापसात चुकतो. तसाच माव्याचा चिकटा. पिकावर फूल नसलं तरी पानावर गोड चिकटा असेल तर माश्या तोही चाटायला येतात.

पिकाखालच्या तणाकडेही बघावं. आंब्याच्या किंवा संत्र्याच्या बागेत झाडावर फूल नसेल पण खाली गवतफुलं फुललेली असतील, तर वरून पडणारा सगळा थर त्यांच्यावर बसतो. फवारणीच्या एक-दोन दिवस आधी ती कापावी. फवारायच्या सकाळी कापू नये, कापलेलं फूलही काही तास माश्या ओढतं.

वेळ संध्याकाळची, माश्या घरी परतल्यावर. तापमान १३ अंशांखाली गेलं की मेलिफेरा सहसा बाहेर पडत नाही, पण बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी एवढी थंडी नसते, तेव्हा घड्याळ बघण्यापेक्षा फुलावर पाच मिनिटं उभं राहून बघणं चांगलं. पहाटेपेक्षा संध्याकाळ बरी, कारण रात्रभर थर वाळायला आठ-दहा तास मिळतात. पहाटे मारलं की दोन तासांत माशी येते आणि थर अजून ओला. एक अडचण मात्र आहे. वारा पूर्ण पडलेल्या, निरभ्र संध्याकाळी जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि बारीक थेंब त्यात तरंगत दूर जातात. चूल किंवा शेकोटीचा धूर वर न जाता आडवा पसरताना दिसला तर समजावं की हवा बसली आहे, पंप थांबवावा. हलका, स्थिर वारा, तोही पेट्यांच्या उलट दिशेला, हा सर्वांत चांगला. थेंब जाड पाडणारं नोझल, कमी दाब, आणि नोझलची उंची पिकापासून अर्ध्या मीटरच्या आसपास.

माशीची उडण्याची कक्षा लक्षात घेतली की ‘माझ्या शेतात मी काळजी घेतो’ एवढ्यावर का भागत नाही ते समजतं. तीन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा: २,८०० हेक्टरहून जास्त. एवढ्या रानात कोणी ना कोणी फवारतच असतं. म्हणून शेजाऱ्यांनी पेटीवाल्याला ४८ तास आधी कळवणं आणि पेटीवाल्यानं आपल्या पेट्या कुठे आहेत हे त्यांना सांगून ठेवणं, दोन्ही लागतं. कळलं की काय करायचं? पर्याय दोनच. पहिला, रात्री दारं बंद करून पेट्या चार-पाच किलोमीटरच्या पुढे हलवणं. त्याहून जवळ नेल्या तर माश्या जुन्या जागी परततात. दुसरा, पहाटे उजाडण्यापूर्वी पेटीवर ओलं गोणपाट सैल झाकून माश्यांना काही तास आत ठेवणं. गोणपाट ओलं राहिलं पाहिजे, हवा खेळली पाहिजे, वर रिकामी कोठी किंवा जाळी असावी. भर उन्हात दार बुचासारखं बंद केलेली भरलेली पेटी फवारणीच्या आधी उष्णतेनंच मरते: माश्या घाबरून पंख मारतात, आतलं तापमान चढतं, मेण मऊ पडून चौकटी कोसळतात. उन्हाळ्यात दुपारपर्यंत बंद ठेवायची वेळ येणार असेल तर झाकण्यापेक्षा हलवणंच बरं. आग्या आणि फुलोरी माश्या उघड्यावर पोळं करतात, त्यांना दोन्ही पर्याय नाहीत. त्यांच्यासाठी फवारणीची वेळ एवढंच संरक्षण.

पाण्याची वाट बंद करणं सोपं आहे, तरी ती उघडी राहते. तापलेल्या दिवसात वसाहत लिटरभर पाणी आणू शकते. पंप धुतलेलं पाणी, टाकीखालचं डबकं, पानांच्या पोंग्यात साठलेलं फवाऱ्याचं पाणी ही तिची जवळची पाणवठ्याची ठिकाणं असतात. पेटीपासून थोड्या अंतरावर, सावलीत, खडे टाकलेलं स्वच्छ पाणी ठेवावं, आणि ते हंगामाच्या पहिल्या दिवसापासून ठेवावं. एकदा माशीनं पाणवठा धरला की तो सोडवणं अवघड असतं.

बाधा झाल्यावर ओळखायचं कसं? ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांत माश्या ओकतात, अंग ओलसर-चिकट दिसतं, जीभ बाहेर आलेली असते. पायरेथ्रॉइडमध्ये थरथर, लुळेपणा, गिरक्या. कार्बारिल या कीटकनाशकात मरण दोन-तीन दिवस रेंगाळतं, माश्या चालत राहतात, उडत नाहीत. पायावर परागाची गोळी असलेल्या माश्या मेलेल्या दिसल्या तर त्या कामावरून येता येता मेल्या. पण इथे घाई नको. नोसेमा या आतड्याच्या रोगातही माश्या जमिनीवर रांगतात. पक्षाघाताच्या विषाणूतही त्या थरथरतात, फक्त त्यांचं अंग केस गळून काळं-तुकतुकीत झालेलं असतं. उपासमारीतही जीभ बाहेर येते, पण तेव्हा माश्या रिकाम्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या सापडतात आणि चौकटीत मध नसतो. एकाच ओळीतल्या सगळ्या पेट्या एकाच दिवशी, आणि सर्वांत जोमदार पेटी सर्वांत जास्त बाधलेली, हे विषबाधेचं लक्षण. रोग असा वागत नाही. जोमदार पेटीच्या सर्वांत जास्त माश्या बाहेर असतात, म्हणून तिलाच फटका मोठा.

नमुना घ्यायचा तर त्याच दिवशी. ताज्या मेलेल्या माश्या किमान ५० ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या आसपास, माती न लागता गोळा करून कागदात गुंडाळाव्यात आणि उणे १८-२० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. उन्हात पडलेल्या, भिजलेल्या, कुजलेल्या माश्यांत विष मोडून गेलेलं असतं. प्रयोगशाळेचा ‘काही आढळलं नाही’ हा अहवाल बहुधा उशिराच्या नमुन्याचा असतो. ताजा पराग भरलेल्या पोळ्याची तळव्याएवढी पट्टीही कापून घ्यावी. सोबत तारीख, वेळ, हवामान, वाऱ्याची दिशा, आसपास काय फुललेलं होतं आणि फोटो.

पेटीत फक्त बाहेर जाणाऱ्या माश्या मेल्या असतील आणि आतला पराग स्वच्छ असेल, तर वसाहत बहुतेक सावरते. दार लहान करावं म्हणजे बाहेरच्या माश्या लुटायला येत नाहीत, एकास एक साखरपाक द्यावा, रिकाम्या चौकटी काढून माश्यांना मावेल एवढीच जागा ठेवावी. पिल्लं मरतच राहिली तर विष परागात आहे. तेव्हा पिल्लांजवळच्या परागाच्या चौकटी काढून टाकाव्यात आणि परागाला पर्यायी खाद्य द्यावं. त्या काळात भरलेला मध काढू नये.

मेण मात्र लवकर विसरत नाही. २०१० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पेट्यांमधल्या ८८७ नमुन्यांत १२१ प्रकारची कीडनाशकं आणि त्यांचे अवशेष सापडले, आणि मेणात सर्वांत सर्रास आढळली ती शेतातली नव्हती. व्हरोआ हा माश्यांवर जगणारा बारीक कोळी मारायला पेटीवाल्यांनीच वापरलेली फ्लुव्हॅलिनेट आणि कूमाफॉस ही होती. चरबीत विरघळणारी औषधं मेणात मुरतात, मेण वितळवून नवा मेणपत्रा (माश्या ज्यावर पोळं बांधतात तो) केला तरी जात नाहीत. काळ्या पडलेल्या पिल्लांच्या चौकटी दर तीनेक वर्षांनी बदलाव्यात, त्यांचं मेण पुन्हा पिल्लांच्या पत्र्यासाठी वापरू नये. औषधाच्या पट्ट्या ठरलेले आठवडे संपताच बाहेर काढाव्यात, आणि काढल्याची तारीख पेटीच्या झाकणावर खडूनं लिहून ठेवावी.